नखाएवढा ठेवा

नाणी, टपालाची तिकिटे, शंखशिंपले यांचा संग्रह करण्याचा छंद अनेकांना असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या छंदांत एका नव्या वस्तूची भर पडली. ती वस्तू म्हणजे संगणकाची चिप. बोटाच्या नखाएवढा किंवा त्याहूनही लहान असा सिलिकॉनचा तुकडा, त्याभोवती चिनी मातीचे अथवा प्लॅस्टिकचे कवच आणि त्या कवचातून बाहेर आलेले धातूचे पाय, असे तिचे साधारण रूप असते. संगणक जुना झाला की तो अडगळीत जातो. त्याच्या पोटातील चिप मात्र पुष्कळदा शाबूत असते. अशा चिपा जमवून, त्यांची नोंद करून, त्या पुढील पिढ्यांसाठी राखून ठेवण्याचे काम अमेरिकेतील स्मिथ्सोनियन संस्थेचे राष्ट्रीय इतिहास-संग्रहालय करते, तसेच घरच्या कपाटात चार-दोन खोकी बाळगणारे साधे छांदिष्टही करतात.

वरवर पाहता हे काम सोपे वाटते. परंतु नाण्याला गंज चढला किंवा तिकिटाला कसर लागली, तर ती धन्याच्या नजरेस पडते आणि तो वेळीच सावध होतो. चिपचे तसे नाही. बाहेरून ती लखलखीत दिसते, तिचा एकही पाय वाकलेला नसतो, आणि तरीही ती आतून निर्जीव झालेली असू शकते. तिचे बहुतेक शत्रू डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून चिपांचा संग्रह सांभाळणाऱ्याला डोळ्यांवर नव्हे, तर ज्ञानावर विसंबावे लागते.

या वस्तूचा जन्म कसा झाला, हे प्रथम पाहिले पाहिजे. पूर्वी विद्युत्-परिपथाचे सर्व घटक निरनिराळे बनवून तारांनी एकमेकांस जोडावे लागत. १९५८ सालच्या सप्टेंबर महिन्यात टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीतील अभियंते जॅक किल्बी यांनी हे घटक जर्मेनियम या मूलद्रव्याच्या एकाच चिमुकल्या कांडीवर घडवून दाखविले. ती कांडी जेमतेम ११ मिलिमीटर लांब होती. काचेच्या पट्टीवर ती चिकटविलेली होती आणि तिच्यावरून सोन्याच्या बारीक तारा उघड्याच निघालेल्या होत्या. पुढच्याच वर्षी रॉबर्ट नॉइस यांनी सिलिकॉनच्या पृष्ठावरच धातूच्या रेषा उमटवून घटक जोडण्याची कल्पना मांडली. या दोन प्रयत्नांतून आजची चिप जन्मास आली. किल्बी यांना या कार्याबद्दल २००० साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९७१ साली इंटेल कंपनीने ‘४००४’ ही चिप बाजारात आणली. बिझिकॉम या जपानी कंपनीच्या गणनयंत्रासाठी ती प्रथम तयार झाली होती. तिच्यावर २३०० ट्रान्झिस्टर होते. आज तेवढ्याशा जागेत अब्जावधी ट्रान्झिस्टर मावतात. परंतु संगणकाचे गणित करणारा सारा भाग एका तुकड्यावर बसविलेली ही चिप संग्राहकांना फार मोलाची वाटते. शुभ्र कवच, त्यावरील करड्या रेषा आणि मधोमध सोनेरी झाकण, असे तिच्या आरंभीच्या नमुन्यांचे रूप मोठे देखणे आहे. तिच्या रचनाकारांपैकी प्रमुख असलेले फेडेरिको फॅजिन यांनी आतल्या सिलिकॉनच्या कडेला आपल्या नावाची आद्याक्षरे उमटवून ठेवली आहेत. झाकण काढून सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यावाचून ती कोणास दिसत नाहीत. मूर्तीच्या पायथ्याशी शिल्पकाराने आपले नाव कोरावे, तशातलाच हा प्रकार होय.

अशा या वस्तूचा पहिला शत्रू म्हणजे माणसाचा हात. थंडीच्या दिवसांत लोकरीचा सदरा अंगातून काढताना चटचट आवाज येतो. कोरड्या केसांतून फिरविलेली फणी कागदाचे कपटे उचलते. हा स्थितिक विद्युतेचा खेळ शाळेत सर्वांनी पाहिलेला असतो. हवा कोरडी असताना गालिच्यावरून चार पावले चालणाऱ्या माणसाच्या अंगावर हजारो व्होल्टांचा विद्युत्भार साठू शकतो. तो सुमारे तीन हजार व्होल्टांच्या वर गेल्यावाचून त्याचा चटका माणसाला जाणवतही नाही. परंतु १९७० च्या सुमारास बनलेल्या अनेक चिपांत विद्युत्-प्रवाह अडवून धरणारा ऑक्साइडचा थर मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाइतकाच जाड असे. तो थर भेदण्यास शंभर-दोनशे व्होल्टही पुरतात. म्हणजे हाताळणाऱ्याला काहीच जाणवत नाही, ठिणगी दिसत नाही, आवाज होत नाही, आणि चिप मात्र कायमची निकामी होते. कधी कधी ती लगेच मरत नाही; आत केवळ एक व्रण राहतो आणि पुढे केव्हातरी ती अचानक बंद पडते.

यासाठी जाणते लोक चिप उचलण्यापूर्वी मनगटावर एक पट्टा बांधतात. त्या पट्ट्याची तार जमिनीशी जोडलेली असते आणि अंगावरील भार तिच्यावाटे हळूहळू निघून जातो. या तारेत दहा लाख ओहमांचा रोधक मुद्दाम घातलेला असतो. चुकून घरातील विजेच्या तारेला हात लागलाच, तर पट्ट्यावाटे माणसाच्या शरीरातून मोठा प्रवाह वाहू नये, हा त्याचा हेतू. वस्तूचे रक्षण करताना माणसाचे रक्षण विसरले जाऊ नये, ही दृष्टी यात दिसते. शिवाय चिप नेहमी कवचाच्या दोन कडांना धरून उचलतात. तिच्या पायांना बोट लावीत नाहीत. हे पाय नाजूक असतात. वाकलेला पाय एकदा हलक्या हाताने सरळ करता येतो. तोच पुनःपुन्हा वाकविला, तर तुटून हातात येतो.

चिप ठेवण्यासाठी कोणते साधन निवडावे, यातही फसगत होण्याचा संभव असतो. थर्मोकोलच्या पांढऱ्या पत्र्यात चिपांचे पाय खुपसून ठेवणे सोयीचे वाटते; पण थर्मोकोल घर्षणाने लवकर विद्युत्भारित होतो, तेव्हा तो मुळीच वापरू नये. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीचाही तोच दोष. गुलाबी रंगाची खास पिशवी स्वतः भार निर्माण करीत नाही; परंतु बाहेरचा भार ती अडवीत नाही, आणि काही वर्षांनी तिचा गुणही ओसरतो. ज्या रुपेरी पिशवीत धातूचा पातळ थर असतो, ती बाहेरच्या भारापासून खरे संरक्षण देते. काळा, विद्युत्-वाहक स्पंज चिपचे सर्व पाय एकमेकांशी जोडून ठेवतो. त्यामुळे दोन पायांमध्ये विद्युत्-दाबाचा फरक पडत नाही. म्हणून पूर्वीपासून चिपा अशा स्पंजात खोवून ठेवण्याची रीत आहे. परंतु याच जुन्या स्पंजाने अनेक संग्रहांचा घात केला आहे. कालांतराने तो चिकट होतो, त्याचा भुगा पडतो आणि त्यात रुतलेले पाय गंजून जातात. रक्षक म्हणून नेमलेलाच भक्षक व्हावा, तसे हे झाले. म्हणून जुनी चिप हाती येताच तिला जुन्या स्पंजातून मोकळी करणे आणि टिकाऊ पॉलिएथिलिनच्या नव्या वाहक स्पंजात बसविणे, हे संग्राहकाचे पहिले काम असते.

दुसरा शत्रू हवा. घरातील चांदीचे निरांजन काही महिन्यांत काळवंडते, हे सर्वांनी पाहिलेले असते. हवेतील गंधकयुक्त वायूंचा तो परिणाम होय. पुष्कळ जुन्या चिपांच्या पायांवर चांदीचा मुलामा आहे. तेही तसेच काळे पडतात. रबर, लोकर आणि हलक्या प्रतीचा पुठ्ठा यांतूनही गंधकाची द्रव्ये निघतात. म्हणून चिपांच्या खोक्यात रबराचे तुकडे किंवा लोकरीचे अस्तर घालीत नाहीत. सोन्याचा मुलामा काळवंडत नाही. परंतु तो पातळ असेल, तर खालचा धातू ओलाव्याने गंजतो. ओलाव्यावर उपाय म्हणून खोक्यात सिलिका जेलची पुडी ठेवतात व ती ओलावून गेली की बदलतात. मात्र हवा अगदी कोरडी झाली, तर स्थितिक विद्युतेचा जोर वाढतो. एका शत्रूला हाकलावे, तर दुसऱ्याला दार उघडे होते. अतिरेक दोन्ही बाजूंनी घातकच. मध्यम आर्द्रता राखणे यातच शहाणपण असते.

तिसरा शत्रू सर्वांत कावेबाज आहे. तो म्हणजे प्रकाश. १९७१ साली इंटेलमधील डोव्ह फ्रोमन यांनी एक निराळी स्मृतिचिप बनविली. तिला ‘ईप्रॉम’ असे म्हणतात. तिच्या पाठीवर क्वार्ट्झची एक गोल खिडकी असते आणि तिच्यातून आतील सिलिकॉनचा चकाकणारा तुकडा स्पष्ट दिसतो. चिपांच्या साऱ्या घराण्यात जिचे अंतरंग उघड्या डोळ्यांना दिसते, अशी ती एक विरळाच. साहजिकच प्रदर्शनात ती मांडण्याचा मोह सर्वांना होतो. परंतु ही खिडकी शोभेसाठी केलेली नाही. आतील मजकूर पुसण्यासाठी केलेली आहे. ईप्रॉममध्ये मजकूर विद्युत्भाराच्या रूपाने साठविलेला असतो आणि अतिनील किरण पडले की तो भार निघून जातो. उत्पादकांच्या माहितीपत्रकांनुसार साध्या नळीदिव्याच्या उजेडात सतत ठेवलेली अशी चिप सुमारे तीन वर्षांत, तर थेट उन्हात ठेवलेली सुमारे एका आठवड्यात पुसली जाऊ शकते.

येथे केवढे नुकसान होऊ शकते, याचा विचार करावा. एखाद्या कारखान्यातील जुन्या यंत्राची सारी आज्ञावली त्या एकाच चिपमध्ये उरलेली असेल. ज्यांनी ती लिहिली, त्यांच्याजवळही तिची प्रत नसेल. अशी चिप कोणी कौतुकाने खिडकीपाशी मांडली, तर तिचे रूप जसेच्या तसे राहील, पाहणारे तिची वाखाणणी करतील, आणि त्याच वेळी आतील शब्द न शब्द मूकपणे नाहीसा होत जाईल. पुस्तक वाळवीने खाल्ले तर भोके तरी दिसतात. येथे कसलीच खूण मागे राहत नाही. म्हणून जाणते संग्राहक प्रथम योग्य यंत्राने चिपमधील मजकूर वाचून त्याच्या दोन-तीन प्रती करून ठेवतात. अंधारातही हा भार वर्षानुवर्षे थोडाथोडा झिरपत असल्यामुळे या कामात चालढकल करीत नाहीत. मग खिडकीवर अपारदर्शक पट्टी लावून ती चिप बंद खोक्यात ठेवतात. मूळ चिपांवर अशी पट्टी पुष्कळदा असतेच. केवळ जुनाट दिसते म्हणून ती सोलून काढणे म्हणजे स्वतःच्या हाताने पाटी पुसण्यासारखे आहे. लोकांना दाखविण्यासाठी त्याच जातीची, परंतु जिच्यात मोलाचा मजकूर नाही अशी दुसरी चिप निवडतात आणि तिची खिडकी खुशाल उघडी ठेवतात.

यातून प्रदर्शनाचे एक मोठे तत्त्व ध्यानात येते. राखणे आणि दाखविणे या दोन कर्तव्यांत नेहमीच ओढाताण असते. जे केवळ कुलपात राहते, त्याचा कोणास उपयोग नाही. आणि जे सदैव उघड्यावर असते, ते फार काळ टिकत नाही. म्हणून चांगल्या प्रदर्शनात चिपा काचेच्या पेटीत मांडतात. ॲक्रिलिकची पेटी हलकी असली, तरी कोरड्या फडक्याने पुसताच ती विद्युत्भारित होते. म्हणून काच बरी. चिप गोंदाने चिकटवीत नाहीत. कारण गोंद निघताना मुलामा व छापील अक्षरे घेऊन जातो. तिच्या मापाची खाच कापून तीत ती अलगद बसवितात. दिवा सौम्य असतो आणि पाहणारे नसतील तेव्हा तो मालवितात. चिपची खरी रचना डोळ्यांना दिसत नसल्यामुळे शेजारी सूक्ष्मदर्शकातून घेतलेले मोठे छायाचित्र लावतात. मग पाहणाऱ्याला एकीकडे वस्तूचा लहानपणा आणि दुसरीकडे तिचा पसारा यांची तुलना करता येते. नगराच्या नकाशाप्रमाणे दिसणाऱ्या त्या रेषा नखाएवढ्या जागेत मावल्या आहेत, हे कळले की आपोआप तोंडात बोट जाते.

चौथा शत्रू म्हणजे विस्मृती. चिपच्या पाठीवर पुष्कळदा चार आकडे छापलेले असतात. ‘७५४२’ असे आकडे असतील, तर सामान्यतः ती १९७५ सालच्या ४२ व्या आठवड्यात बनली असे समजावे. परंतु ती कोणत्या यंत्रातून निघाली, कोणी दिली, तिने कोणते काम केले, हे तिच्या अंगावर लिहिलेले नसते. पुणे येथील सी-डॅक या संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला; त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ‘ट्रान्सप्युटर’ नावाच्या चिपा होत्या. तशाच चिपा इतर देशांतील यंत्रांतही होत्या. दोन सारख्या चिपांपैकी भारताच्या पहिल्या महासंगणकात राबलेली कोणती, हे केवळ नोंदवही सांगू शकते. म्हणून प्रत्येक चिपला क्रमांक देतात. तो चिपवर न लिहिता तिच्या खणावर लिहितात आणि वहीत तिचा सारा वृत्तान्त टिपतात. नोंद नसलेला संग्रह म्हणजे नावे विसरलेल्या माणसांचा मेळावाच होय.

पाचवा शत्रू लोभ. जुन्या चिपांच्या पायांवर व झाकणांवर थोडेसे सोने असते. १९९५ साली निघालेल्या ‘पेंटियम प्रो’ या चिपमध्ये ते बरेच असल्यामुळे भंगारवाले तिच्या मागे असतात. अशा असंख्य चिपा आम्लात विरघळवून अथवा भट्टीत घालून नष्ट करण्यात आल्या आहेत. त्या धुराने आणि आम्लाने हे काम करणाऱ्या गरीब मजुरांच्या प्रकृतीची हानी होते, ती निराळीच. मूठभर चिपांतून गुंजभर सोने हाती लागते. पण त्यांच्याबरोबर गेलेले ज्ञान कोणत्याही मुशीतून परत मिळत नाही.

ते ज्ञान केवढे असते, हे एका उदाहरणाने पटेल. १९७५ साली ‘६५०२’ नावाची एक चिप अवघ्या २५ डॉलरांना मिळू लागली. तशा प्रकारच्या इतर चिपांच्या मानाने ती फारच स्वस्त होती, आणि तिच्यामुळे घरगुती संगणक सामान्य माणसाच्या आटोक्यात आले. पुढे काही अभ्यासकांनी जुन्या ६५०२ चिपांपैकी एकीचे कवच काढून आतील सिलिकॉन उघडा केला, सूक्ष्मदर्शकातून त्याची छायाचित्रे घेतली आणि त्यांवरून सुमारे वीस हजार सूक्ष्म भाग एकेक करून रेखाटले. २०१० साली त्यांनी हे काम जगापुढे मांडले. आज त्या चिपमधील प्रत्येक ट्रान्झिस्टर कसा चालू-बंद होतो, हे संगणकाच्या पडद्यावर पाहता येते. एक चिप त्यासाठी खर्ची पडली. परंतु तिच्या भगिनी कोणीतरी जपून ठेवल्या होत्या, म्हणून ती खर्ची घालणे परवडले. जिचा एकच नमुना उरला आहे, तिच्या बाबतीत असे धाडस कोणी करणार नाही.

प्राचीन ताम्रपट वाचणाऱ्याला तो कोणीतरी शेकडो वर्षे जमिनीत, देवळात वा घराच्या माळ्यावर सुरक्षित ठेवल्याचे ऋण मान्य करावे लागते. चिप हा आपल्या काळाचा ताम्रपट आहे. त्यावरील अक्षरे ताम्रपटाहून बारीक आहेत आणि फार लवकर पुसली जाणारी आहेत, एवढाच भेद. ती वाचू इच्छिणारा कदाचित अजून जन्मासही आला नसेल. त्याच्यासाठी आज कोणीतरी मनगटाला पट्टा बांधतो, नवा स्पंज कापतो, खिडकीवर पट्टी चिकटवितो आणि वहीत एक ओळ लिहितो. या कामात गाजावाजा नाही. पण त्यावाचून तो नखाएवढा ठेवा पुढच्यांच्या हाती पोहोचणार नाही.

शब्दार्थ

परिपथ – विद्युत्-प्रवाहाचा पूर्ण मार्ग. रोधक – विद्युत्-प्रवाहास विरोध करणारा घटक. स्थितिक विद्युत – घर्षणाने साठणारी व वस्तूवर स्थिर राहणारी वीज. मुलामा – धातूचा पातळ लेप. आर्द्रता – हवेतील ओलावा. कावेबाज – कपटी. अपारदर्शक – ज्यातून प्रकाश जात नाही असा. मूस – धातू वितळविण्याचे भांडे. गुंज – सोने तोलण्याचे जुने, लहान वजन.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जॅक किल्बी यांनी पहिला परिपथ कोणत्या मूलद्रव्याच्या कांडीवर घडविला?
(आ) चिपवरील ‘७५४२’ या आकड्यांचा अर्थ काय?
(इ) मनगटाच्या पट्ट्याच्या तारेत रोधक कशासाठी घालतात?

२. कारणे द्या.
(अ) चिपा ठेवण्यासाठी थर्मोकोल वापरू नये.
(आ) ईप्रॉमच्या खिडकीवरील जुनी पट्टी काढू नये.
(इ) हवा अगदी कोरडी करणेही घातक ठरते.

३. ‘राखणे आणि दाखविणे या दोन कर्तव्यांत नेहमीच ओढाताण असते.’ या विधानाचा अर्थ पाठातील उदाहरणांच्या आधारे आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : तोंडात बोट जाणे, घात करणे, खर्ची पडणे, आटोक्यात येणे.

५. पाठात आलेल्या पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा : उत्तरार्ध, रक्षक, विस्मृती, सौम्य, अतिरेक.

६. उपक्रम : तुमच्या घरातील एखादी जुनी वस्तू निवडा. ती कोणी आणली, केव्हा आणली, तिने कोणते काम केले, हे वडीलधाऱ्यांना विचारून तिची नोंद एका वहीत करा.